चार फुटांतले हिस्सेदार

दुकानात सगळेच मासे शांत असतात. "काकू, एकदम गरीब मासा आहे, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही," असं म्हणत दुकानातला पोरगा फुगवलेली पिशवी हातात देतो, आणि आत तो मासा खरोखरच मौनव्रत घेतल्यासारखा तरंगत असतो. एकट्याला पिशवीत कोंडल्यावर तो भांडणार तरी कुणाशी?

खाऱ्या पाण्याची टाकी ही आमच्या चिरंजीवांची हौस. चिरंजीव शिकायला जर्मनीला गेले, हौस हॉलमध्ये राहिली. लांबी चार फूट, पाणी पावणेतीनशे लिटर. आमच्या घरापासून अरबी समुद्र रिक्षाच्या अंतरावर आहे, पण त्यात काय काय सोडलेलं असतं हे मुंबईकराला सांगायला नको. म्हणून आरओच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅमच्या हिशेबाने खास मीठ कालवून आम्ही घरचा समुद्र करतो. त्या मिठाच्या बादलीची किंमत मी सासूबाईंना अजून सांगितलेली नाही.

चिरंजीवांचा फोन आला की पहिला प्रश्न पाण्याच्या खारेपणाचा, "आई, ग्रॅव्हिटी किती?"

"1.025."

"मस्त. आणि तू बरी आहेस ना?"

तब्येतीच्या बाबतीत माझा नंबर माशांच्या नंतर लागतो, पण निदान लागतो.

टाकीसमोरची खुर्ची सासूबाईंची. त्या राजापूरकडच्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी चुलत दिरांशी हद्दीच्या दगडी गडग्यावरून भांडण्यात घालवली. गडगा हातभर सरकवला की नाही यावर दावा लागला, तारखा पडत गेल्या, वकिलाचा बंगला उभा राहिला, गडगा आहे तिथेच आहे. त्यामुळे टाकीतलं राजकारण मला पुस्तकं वाचून कळलं, त्यांना नुसतं बघून.

भांडणाचं मूळ साधं आहे. प्रवाळाच्या खडकातलं एक बीळ म्हणजे या माशांचं घर, कोठार आणि बाळंतिणीची खोली. अशी बिळं मोजकी आणि इच्छुक अनेक, म्हणून ज्याला जागा राखता येते तो टिकतो. समुद्रात हरलेला निदान पळून तरी जातो. इथे तो पळतो आणि काचेवर आपटतो. मग जिंकलेल्याला वाटतं, एवढा मारला तरी हा बेटा अजून इथेच, म्हणजे मस्तीच आलीय! खरं प्रवाळ टाकीत आणावं म्हटलं, तर आपल्याकडे 2001 पासून प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. ते घरात ठेवता येत नाहीत. त्यामुळे आमचे खडक सिरॅमिकचे आहेत, भोकं पाडलेले. पण मालकी हक्काचा मामला सिरॅमिकवरही तितकाच पेटतो.

पहिला रहिवासी निळा डॅमसेल, लांबी जेमतेम दोन इंच. नव्या टाकीत जंतूंची वस्ती रुजायला महिना-दीड महिना जातो. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. तोवर पाणी विषारीच. ते सोसायला काटक आणि स्वस्त म्हणून आधी डॅमसेल सोडायचा, अशी या धंद्यातली जुनी, निर्दय रीत. दुकानदाराच्या सल्ल्याने चिरंजीवांनी तीच पाळली. डॅमसेल जगला आणि अख्खी टाकी आपल्या नावावर झाली अशी त्याने समजूत करून घेतली. पुढे जो जो मासा आला, त्याला याने कोपऱ्यात गाठून शेपटीचे लचके तोडले.

मी चिडायचे. सासूबाईंनी मात्र त्याची बाजू घेतली. "अगो, सगळ्यांच्या आधी त्यानेच खस्ता खाल्ल्या ना? कूळ लागलंय त्याचं. आता हलायचा नाही तो."

यातली गंमत अशी की डॅमसेलचे काही भाऊबंद प्रवाळावर खरोखरच शेती करतात. आवडीचं शेवाळ राखतात, नको असलेलं तण तोंडाने उपटून हद्दीबाहेर नेऊन टाकतात आणि शेतात शिरणाऱ्या कुणाच्याही, अगदी पाणबुड्याच्याही, अंगावर धावून जातात. हे सांगितल्यावर सासूबाई नुसत्या "मग?" म्हणाल्या. कसेल त्याची जमीन हा कायदा त्यांच्या अंगणातूनच गेलेला.

कोन्राड लोरेन्झ नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचं आक्रमकतेवरचं पुस्तक 1963 साली आलं, दहा वर्षांनी त्याला नोबेलही मिळालं. या पुस्तकाची सुरुवातच तो प्रवाळातल्या माशांपासून करतो. त्याचं म्हणणं असं की हे भडक रंग म्हणजे लांबून दिसणाऱ्या पाट्या आहेत, आपल्याच जातवाल्यांसाठी लावलेल्या: जागा भरली आहे, पुढे व्हा. वेगळ्या जातीचा मासा शेजारी राहिला तरी चालतो, कारण त्याचं खाणं वेगळं, धंदा वेगळा. खरा राग येतो तो आपल्यासारख्याच दिसणाऱ्याचा. लोरेन्झला यासाठी टाक्या मांडून बसावं लागलं. राजापूर तालुक्यात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. परगावच्या माणसाला आंबे पोचवायचे आणि चुलतभावाच्या दारातली फांदी तोडायची.

आमचा यलो टँग याच पंथाचा. लिंबासारखा पिवळा, ताटलीसारखा चपटा, दिवसभर शेवाळ खरवडणारा. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक पांढरा काटा, नाजूक पण वस्तऱ्यासारखा. डॅमसेलशी याचं काही वाकडं नव्हतं, क्लाउनफिशकडे तो बघतही नसे. मग आली कोरल ब्युटी, जांभळ्या-केशरी अंगाची एंजलफिश. रंग निराळा, पण तीही चपटी आणि तीही शेवाळावर जगणारी. टँगने तिला बघताक्षणी पंख ताठ केले, अंग तिरकं केलं आणि शेपटीचा काटा तिच्या दिशेने वळवला.

यावर जाणकारांचे तोडगे ठरलेले आहेत. नव्या माशाला भोकांच्या पारदर्शक डब्यात घालून तो डबा टाकीतच लटकवायचा, म्हणजे तोंडओळख होते, हाणामारी होत नाही. दिवे मालवून खडकांची मांडणी बदलायची, म्हणजे सकाळी सगळ्यांचेच सातबारे रद्द, आणि नवी बिळं शोधण्याच्या गडबडीत मारायला कुणाला सवड नाही. आणि काचेला बाहेरून आरसा लावायचा. कै. मामंजींचा दाढीचा आरसा मी चिकटपट्टीने टाकीच्या डाव्या काचेला लावला. टँग दिवसभर तिथे. समोरचा पिवळा काही हटेना, कारण हा हटेना. उजव्या कोपऱ्यातल्या डब्यात कोरल ब्युटी निवांतपणे पालकाचं पान खात होती.

सासूबाई बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "आमच्या वेळी ही युक्ती कुणी सांगितली असती तर वकिलाचे पैसे तरी वाचले असते."

त्यांचा खरा जीव मात्र क्लाउनफिशच्या जोडीवर. त्यातली मोठी ती मादी, लहान तो नर. ती नुसती जवळून गेली तरी तो कुशीवर कलतो आणि हीव भरल्यासारखा लटलट कापतो. ती पुढे गेली की कापणं बंद, स्वारी खायला हजर. मी काच पुसायला हात घातला की मादी येऊन करंगळीच्या पेराला चावते. चावा मुंगीएवढा असतो, पण अपमान पूर्ण होतो. हे मासे आधी नर म्हणूनच वयात येतात. मादी गेली की तिची जागा तिचा नवरा घेतो, मादी होऊन. हे कळलं तेव्हा सासूबाईंनी जपमाळ थांबवली.

"म्हणजे सासू गेली की सासरा सासू होतो?"

"हो."

"मग सुनेला सुटका कधीच नाही?"

नाहीच. पीटर बस्टन या संशोधकाने पापुआ न्यू गिनीतल्या क्लाउनफिशवर काम करून 2003 साली दाखवलं, की खालच्या पायरीवरचा मासा आपली वाढच आवरतो. वरच्याच्या डोळ्यात खुपेल एवढं मोठं व्हायचंच नाही, नाहीतर घराबाहेर. तेव्हापासून मी दुसऱ्यांदा भात वाढून घेताना सासूबाईंकडे बघते. त्याही बघतात.

सध्या शांतता आहे. डॅमसेलने मधला खडक ठेवून घेतला, टँगने मोकळं पाणी, कोरल ब्युटीने मागची अंधारी कपार. पाणी खेळवणाऱ्या वेव्हमेकरखालचा कोपरा क्लाउनफिशच्या नावे. परवा चिरंजीवांचा फोन आला. "आई, डिसेंबरात येतोय, दुसरा एक टँग आणूया?" सासूबाईंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "बाळा, आणायचा तर टाकी वाढव आधी. चार फुटांत सख्ख्या भावांचे दोन हिस्से पडत नाहीत."

आता त्या सहा फुटी टाकीचे फोटो बघतायत. पाणीच साडेसहाशे लिटर. सोफा कुठे जाणार, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.