चेंबर गार्ड: ठेवावा की बदलावा? नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

अभिनंदन! आपण फोर बाय फोर घेतली. आता जळगाव-धुळ्यात जो भेटेल तो आधी वाकून गाडीखाली बघेल आणि म्हणेल, "भाऊ, हा कंपनीचा गार्ड? नुसता पत्रा आहे. बदलून टाका." सांगणारा स्वतः मोटरसायकलवर आलेला असतो, त्याकडे दुर्लक्ष करावे आणि पुढील पायऱ्या क्रमाने कराव्यात.

साहित्य: पान्ह्यांचा संच, गंज सैल करणारा स्प्रे, टॉर्च, अंथरायला पोतं आणि सल्ला न देणारा एक मित्र. शेवटची वस्तू खान्देशात मिळत नाही, तिच्यावाचून भागवावे.

पायरी 1. गाडी खरोखर कुठे जाते ते कागदावर लिहा. 'जाणार आहे' असं लिहू नका. भुसावळचं लग्न, शिरपूरचा बाजार आणि लळिंग किल्ल्याच्या पायथ्यावरून जाणारा महामार्ग, एवढीच यादी निघाली तर गार्डला कामच नाही. थारखाली 226 मिमी जागा आहे, जिमनीखाली 210. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाने बांधलेला गतिरोधक 100 मिमी उंच असतो. गावकऱ्यांनी रातोरात घातलेल्या गतिरोधकाला मात्र कोणतीच काँग्रेस लागू नाही.

यादीत रावेरच्या पुढे पाल गावाकडचे सातपुड्यातले नाले असतील, तर गोष्ट वेगळी. मागच्या डिफरन्शियलचा गोळा खाली लोंबतो, पण तो जाड आहे, मार खातो. गार्ड ज्याला झाकतो ते इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर तेवढं सोसत नाही. एक धोंडा लागला, ऑइल सांडलं आणि तरी गाडी दामटली, की इंजिन जाम.

पायरी 2. मत देण्याआधी गार्ड खोला. पोत्यावर उताणे झोपा. तोंड बंद ठेवा. शेवटचा बोल्ट सुटताच काळी माती छातीवर येईल. सोबत पऱ्हाटीची धसकटं आणि केळीची वाळलेली पानं. ही माती ओली झाली की फुगते, पाणी धरून बसते आणि वाळली की ढेकूळ होते. गार्ड आतून गंजतो तो तिच्यामुळे. वाळलेली पानं तापलेल्या सायलेन्सरपर्यंत पोचली तर धूरही निघेल. धुऊन काढल्यावर पुष्कळदा 'खराब झालेला' गार्ड धडधाकट निघतो.

पायरी 3. ओरखडे वाचा. पुढून मागे गेलेले लांब ओरखडे म्हणजे गार्डने काम केलं. रंग मारा, ठेवा. पोचा आत गेलाय आणि चेंबरपर्यंत बोटभरही फट उरली नाही, तर ठोकून सरळ करा, नाहीतर बदला. बोल्टच्या भोकापाशी तडा असेल तर विचार न करता बदला. एकही ओरखडा नसेल तर पायरी 1 चा कागद पुन्हा लिहा, यावेळी खरा.

पायरी 4. धातू निवडा. एक चौरस मीटरचा 3 मिमी पोलादी पत्रा साधारण साडेतेवीस किलो भरतो. तेवढाच 6 मिमी ॲल्युमिनियमचा सोळा किलो. पोलाद दगडावरून घसरतं, वाकलं तर नाक्यावरचा वेल्डर हातोड्याने सरळ करतो, पण गंजतं. ॲल्युमिनियम हलकं, तसं गंजत नाही, पण दगडाला अडकतं आणि त्याचं वेल्डिंग करणारा शोधावा लागतो. काहीही घ्या, हवेला खाचा हव्यातच. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. ऑइल काढायच्या नटाखाली भोक आहे ना, ते स्वतः बघा. नसेल, तर दर सर्व्हिसिंगला पायरी 2 आहेच.

पायरी 5. बसवा. आधार चासीचा घ्या, गिअरबॉक्सचा नव्हे. बोल्ट ढिला राहिला तर गाडी डब्यासारखी वाजेल आणि चौकाचौकात विचारतील, "काय व्हयनं भाऊ?"

सावधान: वेल्डर उत्साहात येऊन म्हणेल, "पुढेही बुलबार ठोकून देतो." केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. तसंच, गार्ड म्हणजे यावल अभयारण्यात कुठूनही घुसायचा परवाना नव्हे.

नेहमीचा प्रश्न: गार्ड शाबूत आहे, तरी बदलावासा वाटतो; काय करावे?

उत्तर: गार्ड हा गाडीवरचा असा खर्च आहे, जो वरातीत कोणालाही दिसत नाही. लोकांना दाखवायचंच असेल तर त्या पैशांत बामणोदची वांगी आणा आणि मळ्यात भरीत पार्टी द्या. पाहुण्यांना गाडी दिसेल, आणि मळ्याच्या वाटेवर गार्डलाही थोडं काम मिळेल.