अपघाताने नवी झालेली गाडी

मोटार विम्याच्या शास्त्रानुसार गाडी ठोकली की ती नवी होते. हे शास्त्र माझं नाही. २००२ साली देशभर लागू झालेल्या मोटार टॅरिफमध्ये ते तक्त्यासकट दिलेलं आहे. पुढे २००७ मध्ये प्रीमियमचे दर मोकळे झाले, पण घसाऱ्याचा तक्ता काही जागचा हलला नाही.

तक्ता मोठा वाचनीय आहे. अपघातानंतर धातूचा भाग बदलला, तर गाडीच्या वयानुसार कंपनी पैसे कापते. पहिले सहा महिने काही नाही, मग ५ टक्के, १०, १५, २५, ३५ असं करत दहा वर्षांपुढच्या गाडीला थेट ५०. कारण उघड आहे. जुन्या गाडीला नवा कोरा फेंडर बसला म्हणजे मालकाचा फायदा झाला, आणि असा फुकटचा फायदा कंपनी कोणाला पचू देत नाही. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांना वयाची सवलतच नाही; पहिल्या दिवसापासून सरसकट ५० टक्के कापायचे. एमएच-०७ चा नंबर हातात पडायच्या आधी बंपर फुटला तरी तो अर्ध्या किमतीचा धरायचा. काच तेवढी चिरतरुण. तिच्यावर घसारा नाही.

आता प्रयोग देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरातला. महाशिवरात्रीच्या जत्रेला गावोगावचे देव इथे समुद्रस्नानाला येतात आणि त्यांच्या मागे माणसं गाड्या घेऊन येतात. देवांच्या पालख्या एकमेकींना कधी घासल्याचं ऐकिवात नाही. गाड्यांचं तसं नसतं. अशाच एका जत्रेत घाटावरून आलेली एक धिप्पाड गाडी रिव्हर्स घेताना गावातल्या एका बागायतदाराच्या उभ्या गाडीवर चढली. गाडी साडेतीन वर्षांची, नीट राखलेली. घाटावरचे पाहुणे भले होते. ‘सॉरी’ म्हणाले, चहा पाजला आणि सल्लाही दिला, “तुमच्याच पॉलिसीतून करून घ्या ना, उगाच पोलीस-बिलीस कशाला?” देवाच्या दारी भांडण नको म्हणून बागायतदाराने मान डोलावली.

बिल झालं एक लाखाचं. त्यात धातूचे भाग ४० हजारांचे, त्यावर २५ टक्के म्हणजे १० हजार कापले. प्लास्टिक २० हजारांचं, त्याचे अर्धे १० हजार गेले. रंगकाम २० हजारांचं. त्यातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्याच्या अर्ध्याला कात्री, म्हणजे अडीच हजार. सक्तीची वजावट एक हजार. उरली २० हजारांची मजुरी, तिला घसारा नसतो. मिस्त्री कितीही म्हातारा असला तरी. एकूण साडेतेवीस हजार बागायतदाराने भरले. शिवाय तीन वर्षं क्लेम न घेता साठवलेला ३५ टक्के नो क्लेम बोनस शून्यावर आला, कारण ठोकर कोणाची होती हे एनसीबी विचारत नाही, क्लेम कोणी घेतला एवढंच बघतो. ‘झिरो डेप’ घेतलं असतं तर कापाकापी टळली असती, असं एजंटाने दुरुस्तीनंतर आठवणीने कळवलं.

असो. गाडी शास्त्राप्रमाणे नवी झाली. मग ती विकायला बागायतदार कणकवलीला गेला.

व्यापाऱ्याने बोनेट उघडून बोल्ट पाहिले. त्यांवरचा रंग उडालेला, म्हणजे पाना लागलेला. पत्र्यावर छोटं लोहचुंबक फिरवलं. दरवाजापाशी ते चिकटेना, म्हणजे आत लांबी भरलेली. हल्ली रंगाची जाडी मोजायचं यंत्रही मिळतं, पण ह्या व्यापाऱ्याच्या बोटालाच मायक्रॉन कळत असावेत.

“गाडी बरी आसा,” तो म्हणाला, “पण ठोकलेली मा?”

आणि बाजारभावातून त्याने सरळ पाऊण लाख उतरवले.

देवगड तालुक्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. डाग पडलेला हापूस आत कितीही गोड असो, तो पेटीत बसत नाही. किलोच्या भावाने कॅनिंगला जातो. बागायतदाराचा प्रश्न साधा होता. हे पाऊण लाख कोणाकडे मागायचे?

त्याने पॉलिसी काढली. विमा कंपन्या मोठ्या अक्षरात आश्वासनं आणि बारीक अक्षरात सत्य छापतात, तेव्हा चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. परिणामजन्य नुकसान, घसारा, झीज आणि यांत्रिक वा विद्युत बिघाड यांची भरपाई मिळणार नाही, असं एकाच कलमात लिहिलेलं होतं. पुनर्विक्रीच्या किमतीतली घट ही ‘परिणामजन्य’. झीज म्हणाल तर कुणकेश्वरच्या खाऱ्या हवेत पत्र्याला जो गंज चढतो तोही मालकाचाच. आणि घसारा? तोच घसारा, जो कंपनी तक्ता उघडून टक्क्यांनिशी कापते, तो द्यायची वेळ आली की वगळलेल्या गोष्टींत सापडतो. विमा कंपनीच्या मते अपघाताने गाडी सुधारते, बाजाराच्या मते बिघडते. दोन्ही मतांचा खर्च मात्र मालकाच्या खिशातून जातो.

खरी गंमत नूतनीकरणाला आली. नव्या वर्षाचा आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यापुरती मानलेली किंमत, ठरताना उत्पादकाच्या दरपत्रकातून गाडीच्या वयाचा घसारा वजा केला गेला. गाडी ठोकली होती का, हे कोणी विचारलंच नाही. क्लेमची नोंद त्यांच्याच संगणकात, पण ती फक्त बोनस खायला उघडते. त्याच वयाच्या, एक ओरखडाही नसलेल्या गाडीचा आयडीव्ही आणि ह्या गाडीचा आयडीव्ही सारखाच. म्हणजे प्रीमियम घेताना गाडीला डाग नाही, हे कंपनीला मान्य. बागायतदाराने तो कागद कणकवलीच्या व्यापाऱ्याला दाखवून पाहिला. व्यापारी बराच वेळ हसला. भाव वाढवला नाही.

जगात सगळीकडे असंच चालतं असं नाही. जर्मनीत दुसऱ्याने ठोकलेल्या गाडीच्या बाजारभावातली घट भरून मागता येते, हे न्यायालयांनी कधीचंच मान्य केलंय. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मॅब्री खटल्यात त्याही पुढे जाऊन गाडीमालकाच्या स्वतःच्याच विमा कंपनीला बजावलं की दुरुस्ती केली म्हणून काम संपत नाही, उतरलेली किंमतही मोजायची. जॉर्जिया हे पीच फळाचं राज्य म्हणून ओळखलं जातं. डागी फळाचा भाव तिथल्या न्यायमूर्तींना ठाऊक असणार. अर्थात कंपन्या तिथेही कंपन्याच. ‘सतरा-सी’ नावाचं एक सूत्र निघालं, त्यात घट गाडीच्या किमतीच्या जास्तीत जास्त १० टक्के धरायची आणि मग मायलेज वगैरे सांगून तीही खाली आणायची. पण निदान घट होते, एवढं तरी तिथे कबूल आहे.

आपल्याकडे ते कबूल नसल्याने एक वेगळीच नीती तयार झाली आहे. शहाणा माणूस क्लेम घेतच नाही. ओळखीच्या गॅरेजात रोखीने डेंटिंग-पेंटिंग उरकतो, बोनस वाचवतो आणि ‘सिंगल ओनर, नॉन-ॲक्सिडेंटल’ अशी जाहिरात टाकून डाग पुढच्याच्या गळ्यात बांधतो. सगळं कागदोपत्री करणाऱ्याला तिहेरी दंड, लपवणाऱ्याला पूर्ण भाव. ही व्यवस्था कोणी मुद्दाम रचली असती तर तिला दाद द्यावी लागली असती. माझ्या मते ती आळसातून झाली आहे, आणि आळस दुरुस्त करणं हैदराबादेत बसलेल्या विमा नियामकाला अवघड नाही. झिरो डेपसारखं एक जादा कव्हर भावातल्या घटीसाठीही आणता येईल.

तोपर्यंत एक वाट आहे, तीही चूक समोरच्याची असेल तरच. मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्याच्या वाहनाने आपल्या मालमत्तेचं नुकसान केलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाद मागता येते. रक्कम दोन हजारांच्या वर असेल तर दिवाणी न्यायालयाचाही पर्याय आहे. १९८८ च्या कायद्यात अशा नुकसानीची सक्तीच्या विम्याची मर्यादा ६ हजार रुपये लिहिली होती, ज्यात आज एक हेडलाइट येणार नाही. मात्र खासगी मोटारींच्या पॉलिसीत ती सहसा साडेसात लाखांपर्यंत असते. भावातली घट न्यायाधिकरण मंजूर करेलच अशी हमी कोणी देऊ नये. पण न मागितलेलं तर नक्कीच मिळत नाही.

तेव्हा पुढच्या जत्रेत कोणी ठोकलं तर चहा जरूर घ्या, पण आधी फोटो काढा, समोरच्याच्या पॉलिसीचा नंबर टिपून घ्या आणि पोलीस ठाण्यात नोंद करा. दोन व्यापाऱ्यांकडून गाडीचा ठोकण्याआधीचा आणि नंतरचा भाव लेखी घ्या. ‘पूर्ण व अंतिम समाधान’ असं छापलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. आणि मुदत लक्षात ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीने न्यायाधिकरणात अर्ज करायला अपघातापासून सहा महिने दिलेत, आणि एप्रिल २०२२ पासून ते लागू आहे. शिवरात्रीला ठोकलं तर हे सहा महिने बरोबर चतुर्थीच्या सुमारास संपतात, मध्ये अधिक महिना आला तर त्याच्याही आधी. आपल्या सवयीप्रमाणे ‘गणपती झाले की बघू’ म्हणालात, तर मुदत गेलेली असेल.