लाटंबार्सेचा पाणबुड्या

लाटंबार्सेत नवा पाणबुड्या ओळखायची सोपी खूण म्हणजे तो पाण्यात नसतो. तो तिठ्यावर असतो, पंचायतीसमोरच्या बाकावर असतो, लग्नाच्या मांडवात असतो, आणि कुठेही असला तरी खिशात प्लास्टिकचं एक कार्ड असतं. त्यावर फोटो, खाली इंग्रजी अक्षरं. आधारकार्ड मागितलं तरी आधी हेच बाहेर येतं.

आमचा गाव डिचोली तालुक्यातला. इथे कुळागरं आहेत, काजूचे डोंगर आहेत, पलीकडे दोडामार्ग आहे आणि कासारपालची कालिका आहे. समुद्र तेवढा नाही. तो बघायचा तर अस्नोडा, म्हापसा ओलांडून थेट कळंगुट गाठायचं. आमच्या पोरांचं पोहणं विहिरीत आणि न्हंयत. तिथे सूर मारून तळाची कळशी वर काढणारे बहाद्दर पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेले, पण त्यांना कार्ड कोणी दिलं नाही. घरी गेल्यावर मिळायचा तो बापाचा मार.

पाणबुडेसाहेबांना मात्र रीतसर कार्ड मिळालं आहे. (त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. हे गावाने दिलं.) दोनशे मीटर पोहून दाखवलं, दहा मिनिटं पाण्यावर तरंगून दाखवलं, आधी तलावात आणि मग समुद्रात चार डुबक्या झाल्या, आणि जोडीदार बरोबर असेल तर अठरा मीटरपर्यंत खाली जायची मुभा मिळाली. अठरा मीटर म्हणजे एका उंच माडाएवढं. आमचा पाडेली तेवढंच अंतर रोज सकाळी वरच्या दिशेने, कमरेला कोयता लावून, विनाकार्ड जातो. हे त्याने एकदा साहेबांना बोलूनही दाखवलं. साहेब म्हणाले, “वर हवा असते.” पाडेली म्हणाला, “पडलो तर ती धरत नाही.”

कार्ड आल्यापासून साहेबांची भाषा बदलली. परसातल्या विहिरीत डोकावून ते “आज विझिबिलिटी तीन मीटर” असं सांगतात. भजनात पेटीवाल्याने “सूर बरा लागला ना?” असं विचारलं तर अंगठा दाखवत नाहीत. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो, म्हणून तर्जनी आणि अंगठ्याचं वाटोळं करून दाखवतात. पेटीवाला अजून त्यांच्याशी नीट बोलत नाही. मासळीवाली दारात आली की टोपलीतल्या गोब्र्याकडे बघून म्हणतात, “हा खडकाच्या कपारीत एकटाच राहतो. फार बुजरा.” मासळीवाली म्हणते, “मग घेता की सोडून येऊ?” घेतात. त्याचं हुमण छान होतं.

साहेबांचा खरा छंद आहे तो पुढची डुबकी कुठे मारायची हे ठरवणं. यासाठी त्यांनी संगणकावर एक तक्ता केला आहे. देश, महिना, पाण्याचं तापमान, प्रवाह, दृश्यता, कोणता मासा दिसेल, अशी सगळी रकान्यांची उतरंड. खर्चाचा रकाना शेवटी आहे आणि तो रिकामा आहे.

तक्त्यात पहिला मान आंग्रिया बँकेला. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, समुद्राखाली प्रवाळांचं पठार, त्याला नाव कान्होजी आंग्र्यांचं. अभिमानाने ऊर भरून यावा अशी जागा. अडचण एवढीच की पठाराचा माथाच वीस मीटरवर आहे, म्हणजे साहेबांच्या कार्डाची हद्द संपते तिथून पुढे. “पाठीवर मराठ्यांचं आरमार आहे,” असं म्हणून त्यांनी ती नोंद तशीच ठेवली.

त्याखाली गालापागोस. डार्विन आणि वुल्फ या बेटांभोवती हातोड्यासारख्या डोक्याचे शार्क थव्याने फिरतात. प्रवाह इतका ओढीचा की नवख्याला तिथे कोणी बोटीवरून उतरू देत नाही, आधी पन्नासेक डुबक्यांची वही दाखवा म्हणतात. साहेबांच्या वहीत तेव्हा चारच डुबक्या होत्या, चारही शिक्षकाच्या सहीच्या. शार्कचा विषय घरात निघाला तेव्हा आजीने विचारलं, “म्हणजे मोरी?” हो म्हटल्यावर ती म्हणाली, “तिचं आंबटतीख बरं होतं. पण ती म्हापशाच्या बाजारात मिळते की रे.” मग एकूण खर्चाचा अंदाज ऐकून तिने शेवटचा सवाल टाकला, “बुडपाक पयशे कित्याक?”

अंदमानही तक्त्यात आहे. नव्या माणसाला खरोखर मानवेल अशी ती जागा. हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, तिथलं पाणी उबदार आणि काचेसारखं, उथळ प्रवाळ भरपूर. बेत जवळजवळ ठरला होता. पण साहेबांनी घरी सर्वांना बसवून सांगितलं, की शेवटच्या डुबकीनंतर अठरा तास विमानात बसायचं नसतं, रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. वहिनींनी शांतपणे विचारलं, “अहो, मग ते अठरा तास मी आणि मुलांनी हॉटेलात तुमचे बुडबुडे मोजत बसायचं?” अंदमान दोन ओळी खाली सरकलं.

नायट्रोजनची ही माहिती त्यांना इतकी आवडली की कोर्स संपवून घरी आले त्याच संध्याकाळी बेळगावच्या लग्नाला निघायचं त्यांनी नाकारलं. कारण चोर्ला घाट उंच आहे. नातेवाईक अजून हसतात, पण इथे साहेबांची बाजू घेतली पाहिजे. डुबकीनंतर लगेच घाट चढू नये हे अगदी खरं आहे. त्यांच्या बाबतीत दुःखाची गोष्ट ही की ते नेमके तेव्हाच बरोबर असतात जेव्हा कोणी मानत नाही.

लक्षद्वीप परवान्याच्या भानगडीमुळे मागे पडलं. मालदीवच्या खाडीमुखांतला प्रवाह वाचून ते दोन दिवस गप्प होते. थायलंडचं को ताओ ‘तिथे सगळेच जातात’ म्हणून बाद. बालीतलं तुलांबेन मात्र मनात भरलं. दुसऱ्या महायुद्धात पाणतीराने जखमी झालेलं लिबर्टी नावाचं अमेरिकन जहाज तिथे किनाऱ्याला लागूनच बुडालेलं आहे, आणि चालत चालत पाण्यात शिरून ते बघता येतं. साहेबांना त्यात ‘चालत’ हा भाग विशेष आवडला. त्याला कारण आहे.

कारण म्हणजे ग्रँड बेट. मुरगावच्या बाजूचं हे बेट आमच्यापासून दोनेक तासांवर, पण तक्त्यात त्याला जागा नाही. तिथे पर्यटक जातात, ज्यांच्या पाठीची नळकांडी शिक्षक मागून धरतो, ज्यांना पोहताही येत नाही. आपण कार्डवाले. शेवटी मित्रांनी एका डिसेंबरात त्यांना ओढून नेलं. बोट बेटाला पोचेपर्यंत त्यांना बोट लागली. सोबतचं साताऱ्याचं कुटुंब, आजोबांसकट, मजेत वडापाव खात होतं आणि साहेब कठड्यावर ओणवे होऊन माशांना खायला घालत होते. पाण्यात उतरल्यावर मात्र त्यांना बरं वाटलं. सुझीज रेक म्हणतात त्या बुडालेल्या जहाजाजवळ गेले, मातीचा धुरळा उडवला, आणि दोनशेवरचा हवेचा काटा वीस मिनिटांत पन्नासवर आणून वर आले. काय दिसलं असं विचारल्यावर म्हणाले, “काटा.”

मला त्यांचं हे उत्तर फार प्रामाणिक वाटतं. नव्या पाणबुड्याला पाण्याखाली मुख्यतः स्वतःचा काटा, स्वतःच्या चष्म्यात शिरलेलं पाणी आणि स्वतःचेच पाय दिसतात. एका जागी न बुडता, न तरंगता स्थिर राहणं जमेपर्यंत त्याच्या शेजारून देवमासा गेला तरी तो काट्याकडेच बघत असणार. आणि काटा काय, मालवणलाही तेवढाच स्वच्छ दिसतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती, तारकर्लीत, पाणी उथळ आहे, माणसं आपली आहेत, जेवायला सोलकढी आहे. जरा सवय झाली की मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी आहे. नौदलाने २०२५ मध्ये ‘गुलदार’ ही निवृत्त युद्धनौका निवतीजवळ पाण्याखालचं संग्रहालय करण्यासाठी महाराष्ट्र पर्यटन महामंडळाच्या हवाली केली. म्हणजे जहाज बघायला बालीलाच जायला हवं असंही नाही. हे मी साहेबांना एकदा सुचवलं. त्यांनी माझ्याकडे, उराक सोडून सरबत मागणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं.

या घोळात मे आला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या किनाऱ्यावरच्या डुबक्या बंद. तक्त्यात अकरा ठिकाणं, निर्णय एकही नाही. शेवटी आजीने मार्ग काढला, “देवीक प्रसाद लाव.” साहेब सोवळं नेसून देवळात गेले. भटजींनी मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावल्या आणि विचारलं, “काय मागायचं?” साहेबांनी मोबाईलवरचा तक्ता काढला. भटजी म्हणाले, “देवीला हो की नाही एवढंच विचारतात. रकाने नाही.”

गालापागोस विचारलं. पाकळी डावी पडली. मालदीव, डावी. अंदमानला पाकळी जागची हललीच नाही, अर्धा तास. मागे प्रसादासाठी थांबलेल्या एका मुलीच्या बापाने घसा खाकरला. तेव्हा साहेबांनी केवळ देवीचा मान म्हणून मालवणचं नाव घेतलं. टपकन उजवी.

“पंखा चालू होता,” साहेब म्हणाले.

भटजींनी पंखा बंद करून पुन्हा विचारलं. पुन्हा उजवी. साहेब बराच वेळ मूर्तीकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, “देवीला तिथली विझिबिलिटी कोणी सांगितली नसेल.” भटजींनी त्यांच्या हातावर तीर्थ घातलं, पुढच्या माणसाला खूण केली, आणि जाता जाता म्हणाले, “येताना मालवणचं खाजं आणा. गुळाचं. मागच्या वेळी एकाने साखरेचं आणलं होतं.”