अठ्ठेचाळीस आकड्यांचं कुलूप

मी राहतो शिरूरला आणि आठवड्यातून दोनदा जातो दौंडला. व्यापाऱ्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरून देणं हा माझा धंदा. शिरूरमध्ये मला ‘वकीलसाहेब’ म्हणतात, दौंडमध्ये ‘सीएसाहेब’. मी दोन्ही नाही. पण फी देताना कुणी पदवी विचारत नाही, म्हणून मीही विषय काढत नाही. न्हावरे, चौफुला, पाटस असा रस्ता. हंगामात पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, मागे आमची एसटी आणि माझ्या मांडीवर लॅपटॉपची बॅग. त्या बॅगेत दीडशे पार्ट्यांचे पॅन, आधार, बँकखाती आणि त्यांनी बायकोलाही न सांगितलेली उलाढाल.

तरी मी वर्षानुवर्षं निवांत होतो. मग आमच्याच गल्लीतल्या एका व्यवसायबंधूची बॅग गेली. पुणे–दौंड गाडीत यवतला त्याचा डोळा लागला, उघडला तो पाटसला. मधल्या वेळात बॅग उतरून गेली होती.

तक्रार लिहून घेणारे हवालदार सज्जन होते. त्यांनी विचारलं, “चोरी नेमकी कुठे झाली? खुटबाव, केडगाव की कडेठाण?”

“झोपेत झाली,” हा म्हणाला.

“बरं, लॅपटॉपचा सिरियल नंबर?”

“तो लॅपटॉपच्या खालच्या बाजूला लिहिलेला असतो.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं, याच्यासाठी चहा मागवला.

मी सांत्वनाला गेलो तर म्हणाला, “लॅपटॉपचं काही नाही रे, जुनाच होता. पण डेस्कटॉपवर एक एक्सेलची फाइल होती. सगळ्या पार्ट्यांचे पासवर्ड त्यात.”

“फाइलला नाव काय दिलं होतंस?”

“पासवर्ड.”

“पण लॅपटॉपला पासवर्ड होता ना?”

“होता की!” तो जरा सावरला. मलाही बरं वाटलं, कारण माझ्या लॅपटॉपलाही होता.

हा आनंद दौंडच्या दुरुस्तीवाल्या पोरानं दोन मिनिटांत संपवला. आधी तो पोटभर हसला, मग म्हणाला, “साहेब, तुम्ही पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत कधी बसलात का?”

आता दौंडला आलेल्या माणसाला हे विचारायचं म्हणजे पंढरपुरात विठोबा विचारण्यासारखं. दौंड स्थानकात न शिरता जाणारी कॉर्ड लाइन होण्याआधी मनमाडकडच्या प्रत्येक गाडीचा तो सोहळाच असायचा. गाडी थांबायची, इंजिन सुटायचं, दुसऱ्या टोकाला जाऊन लागायचं आणि तीच गाडी उलट्या तोंडानं चालू पडायची. आतला प्रवासी वडा खात तिथंच बसलेला असायचा. फक्त पुढे तोंड करून बसलेला आता मागे तोंड करून निघायचा.

“तसंच आहे हे,” पोरगा म्हणाला. “तुमचा पासवर्ड विचारतं ते इंजिन. माल आहे डब्यात, म्हणजे हार्ड डिस्कमध्ये. चोर चार स्क्रू काढतो, डबा सोडवतो आणि स्वतःचं इंजिन लावतो. त्याचं इंजिन कशाला तुमचा पासवर्ड विचारील?”

“मग उपाय?”

“डब्याला कुलूप लावून भागत नाही. मालाचंच पीठ करून ठेवायचं. चावी असेल तर पिठाचे परत गहू होतात, नसेल तर चोरानं पीठ फुंकत बसायचं.”

या दळणाला विंडोजमध्ये बिटलॉकर म्हणतात. पोरानं ते चालू करून दिलं आणि दोन गोष्टी बजावल्या. एक, प्रवासात नुसतं झाकण मिटायचं नाही, लॅपटॉप पूर्ण बंद करायचा. झोपलेल्या लॅपटॉपच्या स्मरणात चावी जागीच असते. दुसरी गोष्ट म्हणजे खुद्द ती चावी: ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. “यंत्राला कधी संशय आला तर हे आकडे मागेल. नसतील तर मीच काय, बनवणारी कंपनीसुद्धा उघडून देणार नाही. आणि चावी लॅपटॉपजवळ ठेवू नका.”

मी ती पेनड्राइव्हवर घेतली आणि पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेत टाकला.

घरी ही हकिगत सांगितल्यावर बायको म्हणाली, “म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवलीत.” आई आतून म्हणाली, “तुझ्या पणज्याची खरेदीखतं ट्रंकेत आहेत, सगळी मोडीत. चोराला वाचता येत नाहीत. तुलाही येत नाहीत. बसली आहेत सुखात.”

मला आईचं बोलणं तेव्हा नीट कळलं नाही. मी चावीची फाइल एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲप केली, प्रिंट काढून लॅमिनेशन करून घेतलं आणि देवघरात रांजणगावच्या महागणपतीच्या तसबिरीमागे ठेवून दिली. याहून चांगला राखणदार पुणे जिल्ह्यात कुठला?

त्यानंतर मी एसटीत तोंड उघडं टाकून झोपू लागलो. जागा असलो की शेजाऱ्याला व्याख्यान द्यायचो. २००६ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या घरून लॅपटॉप आणि हार्ड डिस्क चोरीला गेली. आत २ कोटी ६५ लाख लोकांची नावं, जन्मतारखा नि नंबर, आणि पीठ केलेलं नाही! सगळ्या देशाची झोप उडाली. चोरीनंतर जवळपास दोन महिन्यांनी माल सापडला, तपासणी झाली, तेव्हा चोरांनी आतल्या माहितीला हात लावल्याचं दिसलं नाही. शेजारचा शेतकरी हे ऐकून म्हणाला, “म्हणजे चोर बरा निघाला.” मग त्यानं मला उसाचा भाव विचारला.

मग एका महिन्याच्या १९ तारखेला संध्याकाळी लॅपटॉपला संशय आला. मीच त्याला काहीतरी अद्ययावत करू दिलं होतं. उठला तो निळा पडदा घेऊन: ४८ आकडे सांगा. २० तारीख ही ३बी विवरणपत्राची शेवटची तारीख. उशीर झाला की पार्टीला दिवसाला ५० रुपये दंड आणि मला त्याहून महाग पडणारी भाषा.

देवघर गाठलं. दिवाळीत रंगकाम झालं होतं. महागणपती जागेवर होते, मागे नवा गुलाबी रंग होता. लॅमिनेशन कुठे गेलं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलीला अंधूक आठवलं, तसलं काहीतरी आजीच्या चहाच्या कपाखाली होतं. आजी म्हणाली, “चांगलं होतं गं, पुसलं की लख्ख व्हायचं.”

पेनड्राइव्हवर मुलीनं केव्हाच गाणी भरली होती. मग आठवून पाहिलं. पोरगा म्हणाला होता की त्या प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, म्हणून चुकीचा गट यंत्र तिथंच पकडतं. मी पहिला गट टाकला, यंत्रानं पकडला. दुसरा अंदाज केला, तोही पकडला. जन्मभर लोकांचे हिशेब जुळवले, पण ११ ने भाग जाणारा सहा आकडी संसार एकट्यानं आठवणं मला जमेना. आईनं पुन्हा एकदा ट्रंकेकडे बोट दाखवलं.

रात्री साडेनऊला झेरॉक्सवाल्याचं शटर अर्धं खाली आलं होतं. मी वाकून आत शिरलो.

“सात-आठ महिन्यांपूर्वी एक फाइल पाठवली होती, नुसते आकडे होते...”

“थांबा, डाउनलोड्समध्ये बघतो.”

त्यानं माउसचं चाक फिरवलं आणि पडद्यावरून शिरूर सरकू लागलं. दोन्ही बाजूंची आधार कार्डं, सातबारे, पासबुकाची पहिली पानं, स्थळं पाहण्यासाठी केलेले बायोडेटा, कुणाची तरी सोनोग्राफी. माझ्या तीन पार्ट्यांचे ताळेबंदही दिसले; मी बिटलॉकरनं दळून ठेवलेले ते इथं सबंध गहू होऊन पडले होते. मध्येच एक एक्सेलची फाइल गेली. नाव होतं ‘पासवर्ड’. व्यवसायबंधूनंही प्रिंट काढली होती तर.

“ही घ्या तुमची चावी,” तो म्हणाला. “कलर का ब्लॅक अँड व्हाइट?”

आकडे मी तिथंच हातावर लिहून घेतले, नंतर कागदावरही घेतले. पैसे देताना हिंमत करून म्हटलं, “दादा, एवढं झालं की ती फाइल डिलीट करून टाका.”

त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं.

“डिलीट कशाला करायची साहेब? परत मागायला तुम्हीच येणार ना!”