फुडं इचार

कळंब्याच्या नाक्यावर सकाळी सातला चहाच्या गाड्यावर बसलेल्या वस्तादांना तुम्ही कोकणात उतरायचा रस्ता विचारलात, तर टेबल ओलं होणार हे धरून चाला. वस्ताद आधी कपातला चहा बशीत ओततात, बशीतला थोडा मुद्दाम टेबलावर सांडतात आणि त्यात बोट बुडवून निघतात. कपाच्या बुडाचं ओलं कडं म्हणजे कळंबा तलाव. तिथून बोट गारगोटी रोडनं खाली सरकतं ते काडेपेटीपाशी थांबतं. काडेपेटी म्हणजे मुदाळ तिट्टा. "हितनं उजव्या अंगाला. सरवडं, राधानगरी, दाजीपूर." दाजीपूरच्या पुढं अर्धी खारी मोडून ठेवली जाते. तो फोंडा घाट. खारीच्या पापुद्र्यांवरून नख वळणं घेत उतरतं. "हितं दुसरा गिअर टाकायचा. ब्रेकवर पाय ठिवून बसायचं न्हाई, ड्रम तापतंय. गाडी गिअरवर धरायची. आन् खालनं चढणारी गाडी आली तर आधी तिला वाट द्यायची, मग ती कुणाची का आसंना."

राधानगरीला कोल्हापुरातून सरळ रस्ता असताना मुदाळ तिट्ट्याचा वळसा कशाला, असं मी एकदा विचारलं. वस्तादांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. मुदाळ तिट्ट्याला त्यांचा साडू राहतो.

एवढ्यात पोऱ्या येतो, फडकं मारतो आणि घाटासकट कोकण पुसून जातो.

कोल्हापुरात वस्ताद दोन ठिकाणी सापडतात, तालमीत आणि ट्रकच्या केबिनमध्ये. तालमीतल्या वस्तादांवर पुष्कळ लिहून झालं आहे. केबिनमधला वस्ताद मात्र क्लीनरच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत किन्नरच्या, मनातच अजरामर होतो. असे वस्ताद कागलच्या नाक्यावर भेटतात, शिरोलीत भेटतात, मार्केट यार्डात गुळाचे रवे चढत असताना गाडीच्या सावलीत झोपलेले भेटतात. आमच्या कळंब्याला त्यातले चार-दोन निवृत्त आणि दोन-तीन अर्धनिवृत्त आले आहेत. सगळे एकाच साच्यातले, म्हणून मी त्यांचा एकच वस्ताद करून सांगतो आहे. खिशात डायरी, डायरीत फोन नंबर, आणि नंबरापुढे नावाऐवजी 'पंक्चर, खंबाटकी' किंवा 'जेवण चांगलं, मनोर' असं काहीतरी.

या माणसाला पोरानं स्मार्टफोन घेऊन दिला आणि भांडणाला सुरुवात झाली.

मॅपवाली बाई मराठी बोलते, पण तिचं मराठी म्हणजे पाठ्यपुस्तकातला धडा. "दोनशे मीटरवर डावीकडे वळा," असं ती म्हणाली की वस्ताद स्टेअरिंगवरचा हात काढून फोनला विचारतात, "बाई, मीटर कापडाचं आसतंय. कुटं वळू त्ये सांग. पिंपळाजवळ का पंक्चरवाल्याजवळ?" बाई गप्प. वळण मागं गेलं तरी ती चिडत नाही, मुकाट्यानं नवा रस्ता काढून देते. वस्तादांना सगळ्यात जास्त हेच खटकतं. "चुकल्यावर शिवी घालत न्हाई त्ये माणूस रस्त्यावरचं न्हवं." तीस वर्षांत ते जेवढे रस्ते शिकले, तेवढे त्यांच्या वस्तादांच्या शिव्यांतून शिकले. एकेका वळणाला एकेक शिवी चिकटलेली आहे आणि त्या शिवीमुळेच ते वळण अजून लक्षात आहे.

मी मॅपवाला माणूस. दळण टाकायला जातानाही मॅप लावतो असं घरचे म्हणतात, त्यात थोडं खरं आहे. तेव्हा मॅपचं वकीलपत्र घेऊन मी सांगायला लागलो, की वर वीस हजार किलोमीटरवर उपग्रह फिरतात, त्यांचे संकेत फोन पकडतो आणि त्यावरून आपण कुठं आहोत हे काढतो. वस्तादांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी कुटं हाय त्ये मला म्हायती हाय की. फुडं काय हाय त्ये सांग म्हणावं."

वकिलाची पंचाईत झाली. कारण मॅपमध्ये मोटार आहे, दुचाकी आहे, पायी चालणारा माणूससुद्धा आहे. सतरा टन गूळ भरलेली दहाचाकी नाही. बाईच्या लेखी सगळ्या गाड्या सारख्याच. गोव्याला जायचं म्हटलं की ती कधी कधी चंदगडाकडून तिलारीच्या घाटात घालते. चार किलोमीटर वाचतात हे खरं. पण तिलारीची वळणं इतकी चढी आणि आखूड की लांब गाडीचं पुढचं चाक वळून जातं आणि मागचं तिथंच राहतं. परमुलखातला ड्रायव्हर असा अडकला की मागे रांग लागते आणि रांगेतला प्रत्येकजण येऊन त्याला मोठ्यानं मार्गदर्शन करतो. वस्ताद म्हणतात त्या वेळी तिथं मॅपची बाई एकटीच गप्प असते.

लाल पट्ट्याचंही तसंच. नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले की गारगोटी रोड मॅपवर लालभडक होतो. बाई म्हणते वाहतूक मंद आहे. वस्ताद नुसते रस्त्याकडं बघून सांगतात, "बिदरीला ऊस चाललाय. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर हाय, चढाला बसलाय. च्या घ्या तवर." आणि चहा संपेपर्यंत ट्रॅक्टर निघतो. हे कसं जमतं ते मला कळलेलं नाही. चहा सावकाश पितात, एवढंच मी हेरलं आहे.

गमतीत सांगण्यासारखं नाही ते म्हणजे पुराचं. मॅपला गर्दी कळते, कारण गर्दीतले फोन हळू सरकत असतात. पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर फोनच नसतात, मग तो रस्ता मोकळा दिसायला काय हरकत? 2019 च्या ऑगस्टात आणि पुन्हा 2021 च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवेवर आलं आणि ट्रकांच्या रांगा दोन्ही बाजूंना दिवसच्या दिवस उभ्या राहिल्या. वस्ताद दोन्ही वेळा रांगेत नव्हते. त्यांची यंत्रणा साधी. राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट, हा पहिला फोन. 39 ला इशारा, 43 ला धोका, हे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतं. राधानगरीचे किती दरवाजे उघडले, हा दुसरा. तिसरा फोन चिखलीच्या पाहुण्याला, आणि त्यात प्रश्न एकच: "म्हशी सोडल्या का?" म्हशी सोडल्या असं उत्तर आलं की वस्ताद भाडं घेत नाहीत. कुठल्याही मॅपमध्ये म्हशींची सोय केलेली नाही.

आमच्या गावाच्या नावानं तर मॅपची पुरती फजिती केली. कळंबा हे बोलण्यातलं नाव. कागदोपत्री आम्ही कळंबे तर्फ ठाणे. तर्फ म्हणजे जुन्या महसुली कारभारातला गावांचा गट, त्याचा मुंबईजवळच्या ठाण्याशी संबंध नाही. याच करवीर तालुक्यात कळंबे तर्फ कळे आहे. शिवाय धाराशिवला कळंब, यवतमाळला कळंब, नवी मुंबईत कळंबोली. एका घर बांधणाऱ्यानं मोरबीहून फरशी मागवली आणि सरकारी कागदावरचा पत्ता जसाच्या तसा कळवला. गाडी ठाण्यात शिरली. ड्रायव्हर अर्धा दिवस ठाण्यात कळंबे शोधत फिरला आणि शेवटी त्यानं फोन लावला. फोन घेणारा नेमका चहाच्या गाड्यावर होता. वस्तादांनी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि कोल्हापुरी हिंदी सुरू केली.

"भैया, तुम जो ठाणे में है वो हमारा ठाणे नई. हमारा अलग है. तुम सीधा निकलो. पनवेल, पुणे, सातारा, कराड."

"उसके आगे?"

"आगे पूछो."

"किसको पूछूँ?"

"किसी को भी पूछो रे. जेल कहाँ है पूछो. जेल सबको मालूम है."

ते मात्र खरं. कळंबा म्हटलं की जिल्ह्यात आधी मध्यवर्ती कारागृह आठवतं. 'सध्या कळंब्यात असतो' असं सांगितल्यावर ऐकणारा एकदम हळू आवाजात बोलायला लागतो, हा अनुभव आम्हा सगळ्यांच्या गाठीला आहे. फरशीची गाडी दुसऱ्या दिवशी जेलच्या भिंतीला लागून उभी राहिली, आणि ड्रायव्हर वाटेत सतरा जणांना विचारत आला होता. त्यातल्या तिघांशी त्याची ओळख झाली होती. एकाकडे तो जेवलाही होता.

इथवर वस्तादांचं भांडण रस्त्यावरून होतं असं मी समजत होतो. खरं दुखणं एका दुपारी बाहेर आलं. शेठनं गाडीत यंत्र बसवलं होतं. रस्ता दाखवणारं नव्हे, गाडी कुठं आहे ते शेठला दाखवणारं. 2021 पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हाच अर्धी पंचाईत झाली होती. गाडी नाक्यावरून गेली की शेठच्या फोनवर पैसे कापल्याचा मेसेज पोचतो, त्यामुळे 'तासवड्याला लई गर्दी हुती' हे वाक्य कायमचं निकालात निघालं. या यंत्रानं उरलेली वाक्यंही खाल्ली. पूर्वी टायर पंक्चर व्हायचे, रेडिएटर तापायचे, घाट बंद असायचे, आणि या सगळ्यात साडूकडची जत्रा, बहिणीच्या पोराचं बारसं, आंब्याखाली काढलेली दोन तासांची झोप अशा गोष्टी सुखानं बसून जायच्या. आता गाडी आंब्याखाली उभी राहिली की पाचव्या मिनिटाला फोन. "वस्ताद, का थांबलाय?"

"तीस वर्सं मी रस्ता चुकलो न्हाई," वस्ताद म्हणाले. "पर चुकलो म्हणायची सोय हुती."

त्यानंतर वर्षभरात त्यांनी स्टेअरिंग सोडलं. गाडीवर आता पोरगा आहे. नवी गाडी, केबिनमध्ये पंखा, डॅशबोर्डवर मॅप. आणि पोरानं जाताना बापाच्या फोनमध्ये काहीतरी करून दिलं आहे, त्यामुळे वस्तादांना कळंब्यात बसून पोराचा निळा ठिपका दिसतो.

परवा सकाळी गाड्यावर गेलो तर टेबल कोरडं. वस्ताद फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून बसलेले. पोरगं गूळ घेऊन अहमदाबादला निघालं होतं. ठिपका खोपोली उतरला, पनवेल गेलं, घोडबंदर गेलं. मनोरच्या पुढं येऊन थांबला. वस्तादांनी एक चहा सांगितला. ठिपका तिथंच. त्यांनी दुसरा सांगितला. मग राहवेना, नंबर लावला.

"का थांबलाईस रं?"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. मागं भांड्यांचा आवाज होता, कुणीतरी रोट्या मोजत होतं.

वस्तादांनी फोन खिशात घातला. चेहऱ्यावर असं समाधान, की पोरगं पहिली कुस्ती मारून आलंय.

"गाडी तापलिया म्हणतंय," ते म्हणाले, आणि बशीतला चहा टेबलावर थोडा सांडला. "बस खाली, मनोर दावतो तुला. जेवण लई झ्याक हाय तितलं."