भाव एकट्याला मिळत नसतो

‘कंपनीचा रेट आहे साहेब, आमच्या हातात काही नाही.’ शिरूर अनंतपाळहून लातूरला नवी गाडी घ्यायला गेलेल्या माणसाला हे वाक्य ऐकावंच लागतं. पोरं गाडीत बसून स्टेअरिंग फिरवत असतात, सोबत आलेले मामा पेढ्याचा बॉक्स मांडीवर घेऊन बसलेले असतात, आणि आपला माणूस मान डोलावून सही करतो. त्या वाक्यावर सही करू नका.

२३ ऑगस्ट २०२१ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड ठोठावला. आक्षेप असा, की ठरवून दिलेल्यापेक्षा एक रुपयाही जास्त सूट द्यायची नाही, असं बंधन कंपनीनं डीलरांवर घातलं होतं. प्रकरण सुरू झालं ते एका डीलरच्या निनावी ई-मेलवरून. त्यातली तक्रार मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्राच्या बाजारपेठेबद्दल होती, म्हणजे आपलं लातूर-नांदेडही त्यात आलं. आयोगाच्या आदेशात पद्धत सविस्तर दिली आहे. कंपनीनं नेमलेल्या एजन्सीची माणसं गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जात, सूट मागत आणि झालेलं बोलणं गुपचूप रेकॉर्ड करत. डीलरनं जास्त पैसे सोडले किंवा वर काही फुकट दिलं, की डीलरला दंड आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनाही दंड. कंपनी या आदेशाविरुद्ध अपिलात गेली. ह्युंदाईला २०१७ मध्ये याच कारणावरून झालेला ८७ कोटींचा दंड पुढं अपिलात रद्दही झाला. दंडाचं काय व्हायचं ते होवो, आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. डीलर पैसे सोडायला तयार होते, इतके तयार, की त्यांना रोखायला पहारा बसवावा लागला. एक्स-शोरूम किमतीत डीलरचा नफा असतो आणि त्यातून तो सोडू शकतो. ‘हातात काही नाही’ हे पटवून घ्यायचं आपल्याला काहीच कारण नाही.

आता कोटेशनचा कागद हातात घ्या. आपला शेतकरी आडतीवरची हिशोबपट्टी कशी वाचतो? हमाली किती लावली, तोलाई किती, कट्ट्यामागं काय कापलं, सगळं तिथंच उभ्या उभ्या विचारतो. आठ-दहा लाखांच्या गाडीच्या कागदावर मात्र तोच माणूस फक्त सगळ्यात खालचा आकडा बघतो. डीलरची कमाई तर मधल्या ओळींतच बसलेली असते.

आरटीओची ओळ बघा. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के कर लागतो आणि डिझेलला १३ टक्के. आठ लाखांची पेट्रोल गाडी असेल तर कर झाला ८८ हजार. नोंदणीची फी ६०० रुपये, कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर १५०० रुपये. वर किरकोळ कार्ड-टपाल. ही ओळ याहून हजारांनी फुगलेली दिसली, तर फरक कशाचा ते तिथंच विचारा आणि सरकारी पावती मागा. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ नावाची ओळ दिसली तर ती खोडायला लावा. तो सरकारचा करही नाही आणि फीही नाही. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च आपण वेगळा का द्यायचा?

विम्याची ओळ सगळ्यात महागात पडते. विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो, असं गावोगावचे लोक धरून चालतात. तसा कुठलाही कायदा नाही. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता सरकारनंच ठरवलेला आहे. २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तो १०,६४० रुपये, वर जीएसटी. हा भाग कुठंही घ्या, सारखाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आणि त्याला जोडलेल्या झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट वगैरे पुरवण्यांत. त्याच कंपनीचा, त्याच रकमेचा विमा बाहेर कितीला मिळतो ते आधी काढून न्या. तो कागद टेबलावर ठेवला की शोरूमचा आकडा खाली येतो.

गाडी १० लाखांच्या वर गेली की एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, वसूल केला जातो. विवरणपत्र भरणाऱ्याला तो करात वळता करून मिळतो. शेतीच्या उत्पन्नावर जगणारे आपले कितीतरी लोक विवरणपत्र भरतच नाहीत, त्यामुळं १२ लाखांच्या गाडीमागं १२ हजार रुपये परत मागायचे राहून जातात. विवरणपत्र भरा, पैसे मागा. ते तुमचेच आहेत.

मुहूर्ताबद्दलही बोललं पाहिजे. दसऱ्याला, पाडव्याला गाडी दारात आणायची हौस मला मान्य आहे, त्यात गैर काही नाही. पण भाव मुहूर्ताच्या आठवड्यात ठरवू नका. तुम्हाला गाडी अमुक दिवशी हवीच आहे, हे एकदा कळलं की समोरचा कशाला सोडेल? बोलणी महिनाभर आधी करा, सगळं लेखी घ्या, पूजा मुहूर्तावर करा. आणि डिसेंबर-जानेवारीत मोठी सूट सांगितली तर गाडीच्या निर्मितीचा महिना-वर्ष विचारा. ते आरसी बुकावर कायमचं छापलं जातं आणि पुढं गाडी विकताना घेणारा पहिल्यांदा तेच बघतो.

हे सगळं एकट्यानं करता येतं, पण एकट्याची ताकद तोकडी पडते. मराठवाड्यातच याचं सगळ्यात मोठं उदाहरण घडलेलं आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत धनिक मंडळी एकत्र आली आणि त्यांनी एका फटक्यात १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा. एकगठ्ठा घेतल्यामुळं भाव त्यांच्या बाजूनं वाकला आणि स्टेट बँकेनं कर्ज दिलं ७ टक्क्यांनी. पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी ‘द हिंदू’मध्ये या व्यवहाराशेजारी कन्नड तालुक्यातल्या एका शेतकरी बाईंचं ट्रॅक्टरचं कर्ज मांडलं होतं. त्याचा व्याजदर होता १५.९ टक्के. हा आकडा वाचून मला आजही राग येतो. ज्यांना सवलतीची गरज नव्हती ते संघटित होते, आणि जिला गरज होती ती बँकेच्या दारात एकटी उभी होती.

श्रीमंतांनी जे केलं ते करायला श्रीमंत असावं लागत नाही. आपल्या तालुक्यात सोयाबीनचे पैसे हातात आले की गाड्या घेतल्या जातात. गुरुजी घेतात, दुकानदार घेतात, शेतकरी घेतात, आणि प्रत्येक जण आपापल्या मामाला घेऊन वेगवेगळ्या दिवशी लातूर गाठतो. एकाच मॉडेलचे पाच-सहा गिऱ्हाईक एकत्र निघाले, लातूर, उदगीर आणि नांदेड अशा तिन्हीकडून लेखी कोटेशन आणलं, कर्ज आपल्या बँकेतून आधीच मंजूर करून घेतलं, तर सेल्समनला मालकाला फोन लावावाच लागतो. मालक सहा गाड्या सहजासहजी हातच्या जाऊ देत नाही.

आणि एवढं करूनही कुणी फसवलंच, तर गप्प बसू नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे लातूरच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मग गाडी पुण्याहून घेतलेली का असेना. पाच ते दहा लाखांच्या खरेदीसाठी तक्रारीची फी २०० रुपये आहे.