सेटअपभाऊ

डहाणू रोड स्टेशनपासून तलासरी नाक्यापर्यंत कुणाच्याही कॉम्प्युटरमध्ये काही टाकायचं असलं, की सेटअपभाऊंना फोन जातो. किल्ल्यांच्या जुडग्याला चार पेनड्राइव्ह लटकवून भाऊ हजर. त्या प्रोग्रामवर पुढे काम काय होतं, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. बारशाच्या घुगऱ्या खाव्यात, पोर ज्याचं त्याने वाढवावं.

विंडोजला ते हिणवतात. "नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. यात अक्कल कुठे लागते?" स्वतः मात्र 'नेक्स्ट' अशा झपाट्याने दाबत सुटतात, की पीडीएफचा प्रोग्राम टाकताना एखादा अनोळखी ब्राउझरही आगंतुकासारखा आत येऊन बसतो. मॅक इकडे विरळाच. एका फोटो स्टुडिओत योग आला, तर प्रोग्रामचं चित्र माउसने ओढून ॲप्लिकेशन्सच्या फोल्डरमध्ये सोडलं आणि काम संपलं. भाऊ हिरमुसले. "एवढ्याचे अडीचशे कुठल्या तोंडाने मागू?"

लिनक्स हे त्यांचं दैवत. साइटी धुंडाळायला नकोत. काळ्या पडद्यावर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' लिहायचं, जोडीला लागणारी पॅकेजं ते आपणच ओढून आणतं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर टिंबसुद्धा उमटत नाही. तेव्हा भाऊ गिऱ्हाइकाकडे बघून हळूच भुवई उडवतात. खरं सांगायचं तर फीचा निम्मा भाग त्या भुवईचा.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे मोफत अपडेट थांबले आणि टीपीएम २.० नसलेली जुनी मशीनं ११च्या अटीत बसेनात, तशी भाऊंची सुगी आली. तलासरीच्या सिमेंट-पत्र्याच्या शेठच्या मशीनवर त्यांनी उबुंटू चढवलं. शेठनी चष्मा वर केला.

"भाऊ, माझं टॅली कुठे गेलं?"

"ते विंडोजवालं, शेठ. इथे चालवायचं तर आधी वाइन टाकायला लागेल."

विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं हे वाइन १९९३पासून चालू आहे. पण शेठना ठाऊक होती ती बोर्डीची, चिकूची.

"टाकू की," शेठ आवाज उतरवून म्हणाले, "पण दुकानात नको. आणि वीस तारखेला जीएसटी भरायचाय, तेवढं होऊ द्या."

भाऊंनी त्याच दुपारी टाकलं. टॅली उघडतंय का, हे बघायला मात्र थांबले नाहीत. डहाणूला कुणाच्या तरी प्रिंटरचा ड्रायव्हर खोळंबला होता.